मोठ्या मुलाचं अंथरूण ओलं होतं : रात्रीसाठी काय घ्यायचं आणि कसं ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा 14 वर्षांचा, नववीत. लहानपणापासून आठवड्यातल्या चार-पाच रात्री अंथरूण ओलं होतं, मध्ये कधी सलग काही महिने कोरडे गेले असं झालेलं नाही. बाळांच्या डायपर-पँट आता मांडीला काचतात. मेडिकलमधून आणलेला मोठ्यांचा डायपर पहाटे बाजूने गळतो. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे धाकट्या बहिणीला कळू नये म्हणून त्याचा जीव टांगणीला. डिसेंबरात शाळेची दोन मुक्कामांची सहल आहे. रात्रीसाठी नेमकं काय घ्यावं, असं त्याच्या आईने विचारलं आहे.

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मुलांच्या लघवीच्या तक्रारी हे बरीच वर्षं माझं मुख्य काम आहे. दुकानात जाण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढा. तुमच्या मुलाला रात्री किती लघवी होते, हा आकडा हातात आला की कुठली पँट घ्यायची हे बऱ्यापैकी ठरतं. पुढे उपचार कुठला लागू पडेल याचाही अंदाज त्याच आकड्यावरून बांधता येतो.

कोरड्या पँटचं वजन एकदा करून पाकिटावर लिहून ठेवा. सकाळी ओली पँट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काट्यावर ठेवा. फरक जितके ग्रॅम, साधारण तितके मिलिलिटर लघवी. उठल्यावरची पहिली लघवी त्याला मापाच्या भांड्यात करू द्या आणि तो आकडा आधीच्या आकड्यात मिळवा. कोरड्या रात्री फक्त सकाळची लघवी मोजायची. असं सात रात्री करा, सुट्टीत केलं तर सकाळची घाई नसते. हे सगळं त्यालाच करू द्या. 14 वर्षांच्या मुलाची ओली पँट आईने तोलणं त्याला नको वाटेल, आणि स्वतःचा तक्ता स्वतः लिहिणारी मुलं पुढच्या उपचारातही जास्त टिकतात.

आता आकड्याचा अर्थ. मुलांच्या मूत्राशयात किती मावायला हवं याचा ढोबळ हिशेब असा करतात : वयात 1 मिळवायचा आणि त्या बेरजेला 30 ने गुणायचं, तितके मिलिलिटर. बाराव्या वर्षी तो 390 वर येतो आणि पुढेही तोच धरतात. रात्रीची एकूण लघवी याच्या 130 टक्क्यांहून जास्त, म्हणजे साधारण 500 मिलिलिटरच्या वर भरली, तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे असं म्हणतो. झोपेत मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि मूत्रपिंडं लघवी कमी तयार करतात. यांतल्या बऱ्याच मुलांमध्ये ते पुरेसं सुटत नाही. समजा कोरडी पँट 85 ग्रॅम, ओली 540, आणि सकाळची लघवी 150. म्हणजे एकूण 605. असा मुलगा या गटातला. उलट पँटमध्ये 150-200 ग्रॅमच भरतात, पण रात्रीतून दोनदा होतं, दिवसाही त्याला सारखं पळावं लागतं, तर मूत्राशय लवकर आवळतंय असं समजायचं. तिथे बहुतेक वेळा बद्धकोष्ठताही सापडते, कारण भरलेलं मोठं आतडं मागून मूत्राशयाला दाबत असतं. दोन्ही गटांत एक गोष्ट समान असते : मूत्राशय भरल्याचा निरोप झोपेतून उठवण्याइतका पोचत नाही. त्यात आळस नाही, हट्ट नाही.

पँटच्या निवडीकडे येते. पाकिटावर लिहिलेली शोषणक्षमता बहुतेक वेळा प्रयोगशाळेतली असते. तिथे पूर्ण डायपर पाण्यात बुडवून, निथळवून मोजतात. झोपलेल्या मुलाच्या अंगाखाली तो दाबला जातो, कुशीवर वळला की एकाच बाजूला भार येतो आणि मागचा अर्धा भाग कोराच राहतो. म्हणून मी पालकांना पाकिटावरचा आकडा निम्मा धरायला सांगते. तुमच्या मुलाचे पँटमध्ये 450 ग्रॅम भरत असतील, तर 900 किंवा त्याहून जास्त लिहिलेलंच घ्या.

तरीही पहाटे गळतं, याचं एक कारण फार कमी लोकांना माहीत असतं : वेग. किशोरवयीन मुलाची लघवी सेकंदाला 15-20 मिलिलिटर या वेगाने येते. म्हणजे 400 मिलिलिटर अर्ध्या मिनिटाच्या आत. डायपरमधले जेलचे कण भरपूर पाणी धरतात, पण त्यांना फुगायला वेळ लागतो. तापलेल्या रानावर वळवाचा पाऊस कोसळला की पाणी मुरण्याआधीच वाहून जातं, तसं इथे होतं : डायपरमध्ये जागा शिल्लक असते आणि चादर मात्र भिजलेली. त्यामुळे अगदी पातळ, ‘स्लिम’ म्हणून विकली जाणारी पँट मोठ्या मुलाला रात्रीसाठी घेऊ नका. हाताला थोडी जाड, कापसासारखी लागणारी, आणि मांडीच्या आत दोन्ही बाजूंना उभी झालर असलेली घ्या. ती झालर घालताना आत दुमडली जाते. बोट फिरवून ती बाहेर उभी करायची. गळतीच्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेच थांबतात. मुलग्यांनी लिंग खाली वळवून ठेवायचं. ते वर किंवा बाजूला राहिलं तर धार थेट कमरेच्या इलॅस्टिकवर जाते, पोटावर झोपणाऱ्यांची तर हमखास. हे त्याला वडिलांनी, काकांनी किंवा डॉक्टरांनी सांगावं, पण सांगायला हवं. आणि वरून नेहमीची घट्ट चड्डी घालायची, म्हणजे ओली झाल्यावर जड झालेली पँट खाली ओघळत नाही.

मापासाठी वजन पाहू नका. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर कंबर आणि सगळ्यात रुंद जागी नितंब मोजा आणि मोठा आकडा धरा. मोठ्यांच्या काही पँटचा मीडियम 60 सेंटिमीटर कमरेपासून सुरू होतो, काहींचा बराच पुढून. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जइतका असू शकतो. सडपातळ मुलाला ‘जास्त मावेल’ म्हणून मोठा साइझ घेतला की मांडीपाशी फट राहते आणि गळतं. पूर्ण पाकीट घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांची लहान पाकिटं आणा.

पँटमध्ये 350-400 ग्रॅमपर्यंत भरत असतील तर चड्डीसारखी ओढून घालायची पँट पुरते आणि मुलंही ती सहज मान्य करतात. त्याच्या वर गेलं तर दोन रस्ते. एक, टेपवाला डायपर. तो जास्त धरतो आणि सडपातळ अंगाला नीट आवळता येतो : खालच्या टेप जरा वर तिरक्या, वरच्या जरा खाली तिरक्या लावायच्या. पण मुलांना तो दवाखान्यातला वाटतो आणि अनेकजण साफ नकार देतात. दुसरा, पँटच्या आत वेगळा पॅड घालणं. इथे एक काळजी घ्या. पॅडच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिक असेल तर पॅड भरल्यावर लघवी खालच्या पँटमध्ये उतरतच नाही, बाजूने बाहेर येते. एकावर एक दोन डायपर घातले तरी हेच होतं. डायपरमध्ये घालण्यासाठीचे, खालून प्लॅस्टिक नसलेले बूस्टर पॅड वेगळे मिळतात, बहुधा ऑनलाइनच. तेच घ्या.

मुलींच्या आया सॅनिटरी पॅडवर भागवायला बघतात, कारण ते घरात असतात आणि कोणी काही विचारत नाही. पण पाळीच्या सगळ्या दिवसांत मिळून साधारण 30 ते 80 मिलिलिटर रक्त जातं, तेही हळूहळू. लघवी अर्ध्या मिनिटात त्याच्या कितीतरी पट येते. ‘ओव्हरनाइट’ लिहिलेला पॅडही याला पुरत नाही, पिरियड पँटीही नाही. मुलींसाठी पँट-डायपरच घ्या, माप नितंबांवरून ठरवा. धुऊन वापरायच्या कापडी शोषक चड्ड्या थोडीशीच लघवी होणाऱ्यांना किंवा उपचाराने जवळजवळ कोरड्या झालेल्या मुलांना ठीक आहेत.

अमेरिकेत गुडनाइट्स आणि ब्रिटनमध्ये ड्रायनाइट्स या नावांनी मोठ्या मुलांसाठी खास रात्रीच्या पँट मिळतात, आणि तिकडचे मामा-मावशी येताना बॅगेतून घेऊन येतात. दिसायला चांगल्या असतात. पण तुमच्या मुलाइतकी जास्त लघवी होत असेल तर माझ्या पाहण्यात त्या बऱ्याचदा अपुऱ्या पडतात, त्यामुळे त्यांची वाट बघत थांबू नका.

पँट कितीही चांगली असली तरी गादीला वेगळं संरक्षण हवंच. आपल्याकडे सवयीने रबरी शीट किंवा मेणकापड घालतात. त्याने घाम येतो, आवाज होतो, आणि हे लपवू पाहणाऱ्या मुलाला तो आवाज फार खुपतो. वरून टर्किश टॉवेलसारखं सुती कापड आणि खाली पातळ जलरोधक थर असलेलं गादीचं कव्हर घ्या, चारही बाजूंना इलॅस्टिक असलेलं. त्यावर चादर, चादरीवर धुता येणारा शोषक पॅड किंवा कागदी अंडरपॅड, त्यावर पुन्हा एक चादर. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडं अंथरूण तयार असतं. हे तो अंधारात, कोणाला न उठवता करू शकतो. तुमच्या घरात याचा उपयोग कुठल्याही महागड्या पँटपेक्षा जास्त होईल.

जमिनीवर अंथरूण घालून सगळे शेजारी-शेजारी झोपत असतील तर त्याची गादी वेगळी करा, हातभर अंतरावर का होईना. कापसाची गादी एकदा आतपर्यंत भिजली की वास जात नाही, आणि पावसाळ्यात गोधडी तीन-तीन दिवस वाळत नाही. पांघरायला हलकं, मशीनमध्ये धुता येईल असं काहीतरी द्या. ओले कपडे आधी थंड पाण्यातून काढा, मग साबण. शोषक पॅड धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, त्याच्या थराने पॅड पाणी शोषणं कमी करतो. जलरोधक कव्हरला इस्त्री नको. आणि लघवीच्या कपड्यांवर ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा घशाला लागणारा वायू तयार होतो.

त्वचेबद्दल थोडं. सकाळी साध्या पाण्याने धुणं, टिपून कोरडं करणं, जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. पावडर नको, ओल्यात तिचे गोळे होतात. जांघेत गोल कडा असलेला, खाजणारा चट्टा उठला तर ते गजकर्ण असण्याची शक्यता जास्त. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. त्याने चार दिवस बरं वाटतं, मग ते पसरतं आणि हटता हटत नाही.

वापरलेली पँट गुंडाळून, कागदात बांधून वेगळी द्यायची. गुंडाळून देणं 2016 च्या घनकचरा नियमांपासून घराघराला बंधनकारक आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंनी अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायला सांगितलं, म्हणजे त्यांना ते हाताने उघडावं लागत नाही. कुठल्याही गावात हे करण्यासारखं आहे. संडासात कधीही टाकू नका. मुलाकडे झाकणाची छोटी बादली आणि जुने पेपर ठेवा, पुडकं तोच बांधेल.

आणखी एक शंका बहुतेक घरांत असते, विशेषतः आजी-आजोबांची : डायपर घातला तर सवय लागेल, मग कधी थांबणारच नाही. 14 वर्षांचा मुलगा कोरडं राहण्यासाठी वाट्टेल ते करायला तयार असतो. पँट घातल्याने त्याची ती इच्छा मरत नाही. नीट झोप झालेला, सकाळी घाबरत न उठणारा मुलगा उपचार जास्त नेटाने करतो, असं मी पाहत आले आहे. उपचार सुरू झाल्यावर मधूनमधून काही रात्री पँटशिवाय झोपून बघावं, खाली पॅड ठेवून, म्हणजे प्रगती कळते. अपवाद अलार्मचा. ओलं होताच वाजणारा अलार्म लावणार असाल तर जाड डायपरमध्ये थेंब सेन्सरपर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा साधी चड्डी आणि खाली पॅड, किंवा सेन्सर आतल्या चड्डीला लावून वरून पँट.

उपचाराबद्दलही बोलते, कारण ‘मोठा झाला की आपोआप जाईल’ हे या वयात सांगत राहणं मला पटत नाही. पाचव्या वर्षी साधारण 15 टक्के मुलांचं अंथरूण ओलं होतं, दहाव्या वर्षी 5 टक्के, पंधराव्या वर्षी 1 ते 2 टक्के. ज्यांचं या वयापर्यंत टिकतं, त्यांच्यात आठवड्यातल्या बहुतेक रात्री ओल्या जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं, आणि उपचाराविना काहींचं ते पुढे मोठेपणीही राहतं. अलार्म नेटाने दोन-तीन महिने लावला तर जवळजवळ दोन तृतीयांश मुलं कोरडी होतात, पण सुरुवातीला तो वाजल्यावर मुलाला उठवायला घरातल्या कोणाला तरी उठावं लागतं. दोन खोल्यांच्या घरात तो सगळ्यांनाच उठवतो, तेव्हा बोलून ठरवा. रात्रीची लघवी जास्त असलेल्यांना डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारं औषध चांगलं लागू पडतं.

मात्र काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नका. सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिल्यावर पुन्हा सुरू झालं असेल, सारखी तहान लागते आणि वजन उतरतंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. टाइप 1 मधुमेह असा सुरू होतो. दिवसाही चड्डी ओली होणं, जळजळ, बारीक किंवा अडखळती धार, चालण्यात बदल, रोजचं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. घोरण्यामागे वाढलेले टॉन्सिल-अडेनॉइड असतील, तर ते काढल्यावर अशा कितीतरी मुलांचं अंथरूण ओलं होणं थांबतं. आणि कुटुंब विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का ते विचारा. त्या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही आणि अंथरूण ओलं होणं बरंच दिसतं.

आई-वडिलांपैकी एकाला हा त्रास होता तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 44 टक्के, दोघांना असेल तर 77 टक्के. तुमच्या सासूबाईंना एकट्यात विचारून बघा. वडिलांचं असं काही निघालं तर ते त्यांनी स्वतः मुलाला सांगू दे. कुठल्याही समुपदेशनाने होणार नाही इतका फरक मी यातून पडलेला पाहिला आहे. बाकी कोणाला काय सांगायचं हे त्याने ठरवायचं. पँट त्याच्या कपाटात, खरेदी ऑनलाइन साध्या खोक्यात, आणि मावशी-आत्यांच्या गप्पांत हा विषय नको. रागावणं, चादर सगळ्यांसमोर वाळत घालणं, बहिणीशी तुलना, यांनी त्रास वाढतो हे नक्की.

पाणी बंद करू नका. आपल्या कितीतरी शाळांत मुलं, मुली तर जास्तच, स्वच्छतागृहाच्या अवस्थेमुळे दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी तांब्यावर तांब्या रिकामा करतात. दिवसभरातलं जवळजवळ 80 टक्के पाणी चार-पाच वाजेपर्यंत पोटात गेलं की संध्याकाळची तहान आपोआप कमी होते. रात्रीचं जेवण जरा लवकर आणि कमी खारट, संध्याकाळनंतर चहा-कोला नाही.

आता सहल. डेस्मोप्रेसिन डॉक्टरांकडून घ्यायचं असेल तर डिसेंबरची वाट न पाहता सहलीच्या निदान महिनाभर आधी घरी घेऊन बघा, कारण डोस ठरायला वेळ लागतो आणि काहींना ते लागूच पडत नाही. झोपण्याआधी तासभर गोळी, आणि गोळीच्या तासभर आधीपासून पुढे आठ तास पाणी जवळजवळ नाही. हा नियम कडक आहे. गोळी घेऊन भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. सहलीत रात्री उशिरा शीतपेयं, सरबतं फिरतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा. ताप, उलट्या, जुलाब असतील त्या दिवशी गोळी बंद.

गोळी असली तरी पहिल्या सहलीत पँटही असू द्या. ती स्लीपिंग बॅगच्या तळाशी आधीच ठेवायची, आत शिरल्यावर चढवायची, वरून सैल ट्रॅकपँट. सकाळी बॅगेतच काढून झिपच्या काळ्या पिशवीत. हे घरी दोन रात्री करून बघू दे, हात बसतो. एका शिक्षकांना, ज्यांच्यावर त्याचा भरवसा असेल त्यांना, त्याच्या संमतीने कल्पना द्या, म्हणजे झोपायची जागा दाराजवळ मिळते आणि पहाटे बाथरूमला जाताना कोणी अडवत नाही. सात रात्रींचा तो तक्ता डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. पहिल्या भेटीचं अर्धं काम त्यानेच होतं.